मुठीचं माप

मार्च सरत आला की कोल्हापुरात मिरची-मसाला कुटायच्या डंकांवर नंबर लागायला लागतात. गल्लीच्या टोकाला धाडधाड आवाज सुरू होतो आणि तिथून जाणारा प्रत्येक माणूस शिंकत पुढं जातो. डब्याला नाव चिकटवून, मिरच्या-मसाल्याच्या पिशव्या पायाशी घेऊन बसलेल्या बायकांत सत्तरीची एखादी आज्जी असतेच. ती कुटत नाही, चाळत नाही, काही उचलतही नाही. मधूनच डंकवाल्याला म्हणते, "थांब की जरा, बघू दे." चिमूटभर पूड अंगठ्या-बोटात चोळते आणि म्हणते, "आजून एक हात फिरीव." घरचे समजतात, आज्जीला घरात करमत नाही म्हणून आली. पण वर्षभराची चटणी टिकणार की श्रावणातच तिला बुरशी येणार, हे त्या चिमटीत ठरत असतं.

सुनेनं "आई, किती घालायचं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "अंदाजानं." या उत्तरानं बरीच घरं वैतागलेली आहेत. पण अंदाज म्हणजे अंदाजपंचे नव्हे. अंदाज हे पक्कं माप असतं, फक्त ते काट्यावर न राहता हातात, नाकात आणि कानात राहतं. आजी-आजोबांचं कौतुक करताना आपल्याकडं संस्कार, गोष्टी, मायेची सावली यांच्यापुढं गाडी जात नाही. त्यात खोटं काही नाही. पण माया म्हटली की तिला शिकावं लागत नाही, ती आपोआप होते, असं आपण धरून चालतो. मग आज्जी जे करते ते काम न राहता तिचा स्वभाव होऊन बसतं, आणि स्वभावाची रेसिपी कोण लिहून ठेवणार?

चटणीचंच बघू. (कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसणीचा वर्षाचा मसाला, ताटात डावीकडं वाढतात ती वेगळी. पुण्या-मुंबईच्या सुनेचा पहिल्या महिन्यात इथंच घोटाळा होतो.) घराघराचं माप वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं, पण एक किलो मिरचीचा साधारण हिशेब असा बसतो: ब्याडगी अर्धा किलो रंगासाठी, संकेश्वरी तीनशे ग्रॅम चवीसाठी, लवंगी दोनशे ग्रॅम झणक्यासाठी. कांदा एक किलो, लसूण पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, धणे पाव किलो, तीळ सव्वाशे ग्रॅम, जिरं आणि खसखस पन्नास-पन्नास, आलं शंभर ग्रॅम, कोथिंबिरीची एक जुडी, खडे मीठ पाव किलो, भाजायला-तळायला पाव लिटर तेल. लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलदोडा, दगडफूल, जायपत्री, तमालपत्र हा खडा मसाला प्रत्येकी दहा ग्रॅमच्या आसपास. हिंग आणि हळकुंड वेगळं.

एवढं कुठंही लिहिलेलं सापडतं. बिघडतं ते यानंतर. मिरचीला दोन दिवस कडक ऊन दाखवायचं म्हणतात, पण दिवस मोजून उपयोग नाही. वळवाचं आभाळ आलं की दोनाचे चार होतात. मूठभर मिरच्या हातात घेऊन कानाशी हलवल्या की बिया खुळखुळल्या पाहिजेत आणि देठ खुडताना 'कट्' असा आवाज आला पाहिजे. मिरची मऊ असली तर डंकात तिची पूड न होता चामड्यासारखे तुकडे पडतात. कांद्याचं तर सगळ्यात वाईट. वरून लाल दिसतो आणि आत ओला राहतो. म्हणून जाणती आज्जी कांदा पातळ चिरून आधी दोन दिवस उन्हात सुकवते आणि मगच तेलात टाकते. तळताना ती कढईकडं बघतसुद्धा नाही, ऐकते. पाणी असेतोवर तेल चुरचुरतं. आवाज बसला की पाणी संपलं. त्या घटकेला कांदा बदामी असतो आणि तेव्हाच उतरवायचा, कारण झाऱ्यात काढल्यावरही स्वतःच्या उष्णतेनं तो आणखी एक छटा पुढं जातो. कढईतच तांबूस होऊ दिला तर परातीत काळा होतो आणि चटणी कडू. खोबरं जास्त झालं की चव आधी गोडसर, छान लागते. दिवाळीपर्यंत मात्र त्याचं तेल खवट होतं. मीठ कमी पडलं की बुरशी. आणि डंकावरून आणलेली चटणी गरम असताना बरणीत भरली की झाकणाला आतून घाम येतो, तोच खाली उतरतो आणि वरचा थर जातो. म्हणून ती रात्रभर परातीत कागदावर पसरायची, सकाळी बरणीत दाबून भरायची, तळाला नि वर हिंगाचे खडे ठेवायचे आणि तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा. रोजच्या वापराची वेगळी काढायची. मोठी बरणी पावसाळ्यात शक्यतो उघडायची नाही, उघडलीच तर कोरड्या हातानं आणि कोरड्या चमच्यानं.

आता हा अंदाज काढून घ्यायचा कसा? "आज्जी, सांग ना" म्हणून वही-पेन घेऊन पुढ्यात बसलं की ती गोंधळते, कारण तिला ते शब्दांत येतच नाही. पायऱ्या उतरताना गुडघा किती वाकवता असं कुणी विचारलं तर आपलंही तेच होईल. उपाय साधा आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यायचा, त्यावर मोठी परात ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि आज्जीला नेहमीसारखं हातानं घालू द्यायचं. प्रत्येक मुठीनंतर आकडा टिपायचा. तीन वेळा टिपला की तिची मूठ कळते: धण्यांची किती ग्रॅम, मिठाची किती. अशानं बऱ्याच घरांत एक जुनं भांडणही मिटतं. आज्जीची मूठ लहान असते, सुनेची मोठी; "दोन मुठी मीठ" म्हणून घातलं आणि चटणी खारट झाली, यात दोघींपैकी कुणाचंच चुकलेलं नसतं.

दुसरं म्हणजे "किती?" विचारू नये, "झालं हे कशावरून कळलं?" असं विचारावं. या प्रश्नाला आज्जी तासभर बोलते. फोनवर व्हिडिओ काढायचा तर तिच्या चेहऱ्याचा काढायची गरज नाही, हातांचा आणि कढईचा काढा, आणि मागं टीव्ही बंद ठेवा. तेलाचा आवाज ऐकू आला पाहिजे.

घरात बाळ आलं की हाच हात दुसऱ्या कामाला लागतो. पाय लांब करून, पाटावर बसून, पायांवर बाळ घेऊन आंघोळ घालणं दिसायला सोपं आहे. पहिल्यांदा करणाऱ्याचे खांदे भीतीनं कानाला लागतात. बाळाचं डोकं आज्जीच्या पावलांकडं, पाय तिच्या पोटाकडं, दोन नडग्यांच्या मधल्या खळगीत पाठ. पावलं किंचित आत वळवली की मान दोन्ही बाजूंनी धरली जाते. तेलाचं बाळ माशासारखं निसटतं, म्हणून नडग्यांवर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा टाकायचा. पाणी कोपरानं बघायचं, तळहातानं नाही, कारण आयुष्यभर तवा आणि धुणं केलेल्या तळव्याला ऊन पाणी कोमटच वाटतं. पालथं घेताना कपाळाखाली तळहात हवा, म्हणजे नाकात पाणी जात नाही. दूध पाजल्यावर पाऊण तास जाऊ द्यायचा. मालीश पंधरा-वीस मिनिटं, आंघोळ पाच-दहा. बाळानं हात-पाय सैल सोडले की "आता अंग टाकलं" म्हणून थांबायचं. रडून लाल झालं तर त्याआधीच थांबायचं.

यातलं बहुतेक सगळं आजच्या बालरोगतज्ज्ञांनाही मान्य आहे. काही गोष्टी मात्र नाहीत, आणि तिथं आज्जीचं मन राखायला म्हणून गप्प बसणं बाळाला महागात पडतं. मध एक वर्षापर्यंत बोटभरही नाही: त्यात बोटुलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात, मोठ्यांचं पोट ती निभावतं, तान्ह्याचं नाही. कानात-नाकात तेल नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. नाळ गळेपर्यंत बेंबीवर तेल, हळद, राख काही नाही, ती कोरडी ठेवायची. डोळ्यांत काजळ नाही, त्यात शिसं असू शकतं. ओवा-वेखंडाची धुरी नाही. वाटीभर डाळीच्या पिठानं लव काढायला घासणं नाही, त्यानं कातडी सोलपटते. टाळू दाबून डोकं गोल करणं तर अजिबात नाही. आणि ज्या दिवशी मांडीत लस दिली, त्या दिवशी ती मांडी चोळायची नाही.

राहता राहिली गुटी. सहाणेवर आईच्या दुधात हळकुंडाचा एक वेढा, मुरुडशेंगेचा अर्धा, बदामाचे दोन, खारकेचा एक. यातला वेढा, म्हणजे सहाणेवर उगाळायचा एक फेरा, हेही मापच, आणि ते मोजणाऱ्या बायका फार काटेकोर असतात. पण मिठाच्या मुठीसारखं हे माप भरवशाचं नाही. मुळी किती कडक, सहाण किती खरखरीत, हाताचा दाब किती, यावर एकाच वेढ्यात कमी-जास्त उतरतं. मोठ्या माणसाला त्यानं काही होत नाही. तीन-चार किलोच्या जिवाला होतं. शिवाय सहाण काही उकळलेली नसते. पहिले सहा महिने आईचं दूध आणि फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टर सांगतात ते यामुळं.

हे घरात सांगायचं कसं, यावर बरंच अवलंबून असतं. "आई, ते जुनं झालं" हे वाक्य आधी टाळावं. जुनं सगळंच जुनं होत नाही: बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायची आज्जीची रीत एकाही पुस्तकानं बदललेली नाही. पुढच्या लसीच्या वेळी आज्जीला सोबत न्यावं आणि मधाचं तिनंच डॉक्टरांना विचारावं. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती शेजारच्या चार घरांत सांगते. सुनेनं आणलेलं उत्तर ती स्वतःच्या घरातसुद्धा मानत नाही. यात राग येण्यासारखं काही नाही, सगळ्याच जाणत्या माणसांचं असंच असतं.

एक माप मात्र कुणीच घेत नाही: बाळाचं वजन आणि आज्जीची पाठ. जन्मताना तीन किलोचं बाळ पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट होतं आणि वर्षाला तिप्पट, म्हणजे नऊ किलो. पासष्टीची बाई वर्षभरात तीन किलोवरून नऊ किलोवर जाते, दिवसातून तीस-चाळीस वेळा, आणि तेही वाकून. सून-मुलगा दोघंही नोकरीला, पाळणाघर लांब, "आई आहेतच की" म्हणून सकाळी साडेआठला दार लागतं. "आहेतच की" ही तीन अक्षरं घराला फार स्वस्त पडतात. (अक्षरं तीनपेक्षा जास्त आहेत, पण हिशेब असाच ढिला असतो.) बाळ बसायला लागलं की त्याला खालून उचलायचं नाही; आज्जीनं कॉटवर बसायचं आणि बाळाला धरून वर चढू द्यायचं. आंघोळीचं काम सहाव्या महिन्यानंतर बापानं घ्यायचं. आठवड्यातली एक दुपार आज्जीची, त्या दुपारी ती भजनाला जाईल नाहीतर झोपेल, पण तिला हाक मारायची नाही. आणि तिच्या गोळ्या: बीपीची, साखरेची, गुडघ्याची. त्या उशाखाली, पर्समध्ये, चष्म्याच्या डबीत असतात, म्हणजे रांगत्या पोराच्या हाताच्या उंचीवर. मधुमेहाची एक गोळीसुद्धा लहान मुलाला दवाखान्यात न्यायला पुरू शकते. गोळ्या कपाटात वर, झाकण लावून. आज्जीला विसर पडू नये म्हणून फोनवर गजर.

आजोबांचं खातं निराळं. सकाळी नातवाला घेऊन गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचं, म्हशीची धार समोर बघायची, दूध तिथंच प्यायचं, ही कोल्हापूरची जुनी ऐट. बघायला जरूर न्यावं. पोराच्या पेल्यात मात्र उकळलेलंच असावं, कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार येतात. बेंदराला मातीचे बैल आणणं, आषाढात पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाई देवीला निघालं की खांद्यावर बसवून दाखवणं, संध्याकाळी रंकाळा, नोव्हेंबरात अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं कुठवर पोचली ते गर्दीत उचलून बघायला लावणं, हे सगळं त्यांच्याकडं असतं आणि त्यात शिकवण्यासारखं काही नाही, नुसतं जायचं असतं.

शिकून घेण्यासारखं त्यांच्याकडं आहे ते पाण्याचं. जुलैत आठवडाभर झड लागली की गंगावेश, शुक्रवार पेठ, दुधाळीकडचे म्हातारे बोलायला लागतात. "मच्छिंद्री झाली काय?" म्हणजे शिवाजी पुलावरच्या माशाच्या खुणेला पाणी टेकलं काय. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, त्यांचं पाणी भोगावतीतून पंचगंगेत उतरायला किती वेळ, तोवर पाऊस थांबला तर काय आणि न थांबला तर काय, हे गणित त्यांच्या तोंडावर असतं. कुठल्या गल्लीत पाणी रस्त्यानं न येता आधी गटारातून आणि संडासातून वर येतं, हे नकाशावर नसतं, ते त्यांना माहीत असतं. कुठली भिंत ओल धरते, कुठल्या घराचा जिना पहिला बुडतो, बोळातून नाव कुठवर येते. पाणी ओसरायला लागलं की आत शिरून गाळ ओला असतानाच खराट्यानं लोटायचा, वाळला की पहार लागते. आणि माळा-कोनाडे काठीनं ठोकूनच हात घालायचा, कारण साप उंचावर बसलेले असतात. हे सगळं त्यांनी पाण्यात उभं राहून शिकलेलं आहे.

आणि तरीही २०१९ ला हा अंदाज फसला. २००५ ला पाणी जिथवर आलं होतं ती रेघ पुष्कळ घरांत भिंतीवर होती. "त्याच्या वर येत नाही," असं म्हणत कितीतरी आजोबा खाटेवर बसून राहिले, आणि पाणी रेघ ओलांडून गेलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर होतं. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तसंच. म्हणजे आजोबांची रेघ चुकीची नव्हती, नदी बदलली होती, आणि नदीकाठची बांधकामंही. आता घरात दोन्ही हवं: भिंतीवरच्या तीन रेघा, प्रत्येकीपुढं साल आणि त्या दिवशीची बंधाऱ्यावरची पातळी फुटांत. मग "४३ ला आपल्या उंबऱ्यापासून किती लांब, ४७ ला कुठं" हे घरापुरतं कोष्टक तयार होतं. हे कोष्टक फक्त आजोबाच भरू शकतात, कारण दोन-तीन पूर आठवणारं घरात दुसरं कुणी नसतं. ४३ ला हलायचं हेही आधीच, जूनमध्ये, ऊन असताना ठरवून ठेवायचं. पाणी उंबऱ्याला लागल्यावर कुठलाच आजोबा घर सोडायला तयार होत नाही. हलताना गॅसची टाकी बंद करून बांधायची, मेन स्विच पाडायचा, दाखले-उतारे प्लास्टिकात, पंधरा दिवसांच्या गोळ्या खिशात.

पैशाचं दोन वाक्यांत, कारण त्यावर घरोघरी लोक उगाच कुजबुजतात. राज्यात एसटीला ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढं प्रवास फुकट. आधार कार्ड सोबत ठेवायचं, उतारवयात बहिणीकडं जायला ही सवलत उपयोगी पडते. आणि घर मुला-नातवाच्या नावावर बक्षीसपत्रानं करायचं असेल तर 'सांभाळ करायचा' ही अट त्या कागदात स्पष्ट लिहून घ्यावी. सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घ्यायची सोय देणारं, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ त्या अटीवर उभं आहे. अट लिहिली म्हणजे पोरावर अविश्वास झाला असं नाही. दुकानात वजन करून घेतो तेव्हा वाण्यावर अविश्वास असतो काय?

डंकावरून आलेली परात आता थंड झालेली असते. बरणी आदल्या दिवशी धुऊन उन्हात ठेवलेली, आतून हात फिरवला तर कोरडी. आज्जी चटणी दाबते, सून वरून हिंगाचा खडा ठेवते, दादऱ्याची गाठ दोघींना मिळून बांधावी लागते कारण एकीचं बोट गाठीवर हवं. बरणीला कागद चिकटवायचा: महिना, साल, मिरच्या तीन प्रकारच्या किती किती, मीठ किती. आकडे नातीच्या अक्षरात. त्याखाली पेन्सिलनं एक ओळ: "आज्जी म्हणाली, औंदा कांदा पाण्याचा होता, अर्धा दिवस जास्त वाळवला."